बोटभर रिकाम्या बरण्या

१

“बरण्या माझ्या आहेत. माती माझी नाही.”

एवढं बोलून मातीवाल्या मावशीने हातातला खोका मीटिंगच्या टेबलावर असा आदळला, की इमारतींचे नकाशे काढणाऱ्या नकाशेकाकांच्या पेन्सिली गडगडत खाली गेल्या.

ही काही माझी सख्खी मावशी नव्हे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीत काय काय मुरलंय ते तपासून देणं हे तिचं काम. बाबांच्या प्रत्येक प्रकल्पावर ती असतेच, म्हणून मावशी. आणि माझे बाबा म्हणजे या धंद्यातले ‘लाँड्रीवाले’. ज्या जागेसमोरून बाकीचे विकासक नाक दाबून गाडी पळवतात, ती जागा बाबा घेतात. खणतात, सडकी माती उचलून नेतात, खालचं पाणी उपसून शुद्ध करतात आणि मगच घरं बांधतात. बॅटऱ्यांच्या एका पडक्या शेडपासून त्यांनी सुरुवात केली तेव्हा आईच्या माहेरचे म्हणाले होते, जावई गटारात हात घालतो. पुढे रंगाचा कारखाना झाला, गॅरेजांची रांग झाली, आणि तेच लोक आता त्या ‘गटारा’वरच्या बाल्कनीत बसून चहा पितात.

ही जागा जुन्या कुलुपांच्या कारखान्याची. नव्या नकाशात मागच्या कोपऱ्यात बालवाडी होती. आणि मावशीच्या खोक्यात नेमक्या त्याच कोपऱ्यातल्या मातीच्या बरण्या होत्या.

“अहो, पण त्या कोपऱ्याचा रिपोर्ट तर स्वच्छ आलाय,” भागीदारकाकू म्हणाल्या. बाबांच्या धंद्यात त्यांची अर्धी भागीदारी.

“म्हणूनच तडक प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथे भोक पाडताना माझ्या नाकात गोडसर वास शिरला होता. गोडसर वास म्हणजे धातूवरचं ग्रीस धुवायचं द्रावण. नाक एक वेळ खोटं बोलेल, पण हे बघा.” तिने एक बरणी उजेडात धरली. “प्रत्येक जागेच्या मी दोन बरण्या भरते. एक ते फोडतात, दुसरी राखून ठेवतात. ही राखलेली, न फोडलेली. वरून बोटभर रिकामी आहे! मी माती काठोकाठ दाबून भरते. आत जरा जरी हवा राहिली, तरी द्रावण मातीतून हवेत उतरतं आणि झाकण काढताच पसार होतं. कोणीतरी माझी माती ओतून दिली आणि दुसरी भरली. झाकण माझं, चिठ्ठी माझी. माती मात्र फाटकाजवळच्या वाफ्यातली.”

प्रयोगशाळेत जाण्याआधी बरण्या याच खोलीतल्या फ्रिजमध्ये होत्या. आणि या खोलीची किल्ली फक्त आत्ता इथे बसलेल्यांकडे होती.

२

“मग परत नमुने घ्या ना,” नकाशेकाका पेन्सिली गोळा करत टेबलाखालून म्हणाले.

“घेईन. पण आधी मला कळू दे खाली काय आहे. ज्याने माती बदलली त्याला ते माहीत आहे. मी आंधळेपणाने ड्रिल घातलं आणि खाली गंजकं पिंप निघालं, तर ते फुटून सगळं विष भूजलात जाईल. पलीकडची अख्खी गल्ली त्याच पाण्यावर आहे.” मावशीने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. “आणि नाहीच काही केलं, तर बालवाडीच्या फरशीतून तो वास वर येत राहील. पोरं तिथे झोपतील दुपारची. संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्या. नाहीतर रिपोर्टवरून मी माझं नाव काढून घेते.”

तिचं नाव गेलं की लाँड्री बंद. बाबांची सगळी कमाई म्हणजे तो एक शब्द होता: आमची जमीन स्वच्छ असते.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. “बघू. घाई नको,” एवढंच म्हणाले.

मला वाटलं, बिचारे दमलेत. आणि मी हात वर केला.

हे मी आहे यावर माझाच विश्वास बसेना. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. सगळे मला चिमणी म्हणायचे ते उगाच नाही. यंदा वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि माझं तोंड जे उघडलं, ते आईच्या म्हणण्याप्रमाणे कुलूप लावूनही बंद होईना. सुट्टी लागल्यापासून मी रोज बाबांबरोबर साइटवर येत होते, म्हणून मला प्रत्येकाचं प्रत्येक गुपित ठाऊक आहे अशी माझी पक्की समजूत होती.

“मी शोधते!”

“ही?” नकाशेकाकांचं डोकं टेबलाखालून वर आलं.

“ही,” मावशी म्हणाली. “निदान हिच्याकडे किल्ली नाही.”

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, थर्मास पुढे ओढला आणि सगळ्यांना चहा ओतला. नेहमीसारखा पाऊण पाऊण कप.

“आबा, चहाचा दुष्काळ पडलाय का?” काका कुरकुरले.

“सांडण्यापेक्षा बरं,” आबा म्हणाले. “चिमणे, तुझं चालू दे.”

३

माझं चालू झालं. वही नाही, भिंग नाही, नुसती जीभ.

पहिले नकाशेकाका. “काका, बालवाडी हलवावी लागली तर तुमचा अख्खा नकाशा बाद. बरोबर?”

“बाद म्हणजे? कचऱ्यात!”

“मग तुम्हीच माती बदलली.”

“बाळ, मी आयुष्यात कुंडीतही रोप लावलेलं नाही. मातीत हात घालायचा म्हटलं की मला शिंका येतात. माझ्या बायकोला विचार, घरी कांदेसुद्धा धुऊन देते ती.” मग त्यांनी घाम पुसला. “आणि खरं सांगू? त्या कोपऱ्यापेक्षा मला यंत्रशाळेची धास्ती होती. तिथे तेल निघालंय, तळघरातलं पार्किंग गेलं माझं. बदलायच्याच होत्या तर मी त्या बरण्या बदलल्या नसत्या का?”

हे मी डोक्यात नीट घडी घालून ठेवलं. यंत्रशाळेच्या बरण्यांना कोणी हात लावला नव्हता. फक्त कोपऱ्याच्या.

भागीदारकाकू अधिक कठीण. त्या रोज सकाळी आल्या आल्या ‘रिपोर्ट आला का’ म्हणून विचारायच्या. मी जरा आवाज चढवून तेच बोलले.

“लवकर हवा होता गं, खोटा नको होता,” त्या म्हणाल्या. “माझी लेक इथेच घर घेणार आहे. तिला आता दिवस गेलेत. उद्या माझी नात त्याच बालवाडीत जाईल. फौजदारासारखी बघू नकोस माझ्याकडे, बस खाली.”

मी बसले. थोडी शरमले, पण थोडीच.

मग प्रयोगशाळेच्या गाडीवाल्याला फोन लावला. वाटेत तर कोणी खोका उघडला नसेल?

“छे हो! खोका तुमच्या बाबांनी स्वतः माझ्या हातात दिला. एकेक बरणी उलटी करून, कानाशी धरून पाहिली, मग सही केली. त्यांची ती पद्धतच आहे. सील थेट प्रयोगशाळेत फुटलं.”

मला अभिमान वाटला. बाबा असेच काटेकोर.

शेवटी आबा. ते फाटकाशी जनरेटरसाठी एका पारदर्शक डब्यात डिझेल भरत होते. आबांनी सगळी नोकरी याच कुलुपांच्या कारखान्यात काढली, कोठीवर. कोणतं सामान कुठे असायचं ते त्यांना तोंडपाठ, म्हणून बाबांनी त्यांना साइटवर आणून बसवलं होतं.

“आबा, संशय तुमच्यावरही घ्यावा लागेल हं. नियम म्हणजे नियम.”

“घे की.”

“त्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं?”

“गवत.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट फिरवलं. “जेवणाच्या सुट्टीत पोरं पत्ते कुटायची.”

“पण जुन्या आराखड्यातही तिथे काहीच नाही. मग मावशीला वास कसला आला?”

“तिला विचार,” आबा म्हणाले, आणि डबा उचलून चालायला लागले. डबा वरून बोटभर रिकामा होता. मी तो पाहिला, आणि तरीही पाहिला नाही.

४

संध्याकाळी मी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. इतकी खूश मी ढाल घेतानाही नव्हते. एका ओळीत चार बरण्या मांडल्या, बाबांची खुर्ची मधोमध ठेवली, आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिले.

“सभ्य स्त्री-पुरुषहो!”

“अगं आवर,” मावशी म्हणाली, पण हसली.

“पहिली गोष्ट. ज्याने हे केलं त्याला नकाशाची फिकीर नव्हती. असती, तर यंत्रशाळेच्या बरण्याही बदलल्या असत्या. म्हणून नकाशेकाका सुटले.”

काकांनी हात जोडले.

“दुसरी गोष्ट. माती बदलली तेव्हा एकाही बरणीची तपासणी झालेली नव्हती. तरी त्या माणसाला माहीत होतं, की हा कोपरा घाण आहे आणि फाटकाजवळचा वाफा स्वच्छ. जुना आराखडा म्हणतो, कोपरा मोकळा. मग त्याला कसं कळलं? कागदावरून नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं! काकू तर या जागेत पहिल्यांदा आल्या त्या खरेदीनंतर, म्हणून त्याही सुटल्या.”

“बरं झालं बाई,” काकू म्हणाल्या.

माझा आवाज छान लागला होता. मी बरण्यांकडे वळले.

“तिसरी गोष्ट, आणि हीच खरी गंमत. आपण सगळे समजलो, घाईत भरल्या म्हणून वर जागा राहिली. पण घाईत भरलेल्या बरण्या कमी-जास्त भरतात. या बघा! चारही एकाच रेषेत. मोजून मापून बोटभर रिकाम्या. म्हणजे ज्याने भरल्या त्याच्या हाताला तेच वळण आहे. मावशीसारखा माणूस काठोकाठ भरतो. माझ्यासारखी धांदरट कशीही भरते. पण असाही एक माणूस असतो, ज्याला भांडं काठोकाठ भरायची भीती वाटते. पिंपात द्रावण भरताना वर जागा सोडावी लागते, कारण उन्हाने ते फुगतं आणि पिंप फाटतं. ज्याने आयुष्यभर कोठीवर पिंपं भरली...”

माझ्याच तोंडातून तो शब्द बाहेर पडला. कोठीवर.

त्या क्षणी आबा चहा ओतत होते. पाच कप. पाचही एकाच रेषेत. वर बोटभर जागा.



५

“थांबलीस का?” आबा म्हणाले. थर्मास त्यांनी खाली ठेवला. “चांगलं बोलत होतीस. पुरं कर.”

मी मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं झालं; आणि कुठली धरणी, तर ही, जिच्या पोटात काय आहे ते मलाच खणून काढायचं होतं.

“मग मीच करतो.” ते कोणाकडेही न बघता बोलू लागले. “कुलुपं बनली की धुवायची. धुतलेलं द्रावण काळं होतं, परत वापरता येत नाही. ते पिंपांत साठायचं. मालक म्हणाले, सोय करा. कुठे, कशी, ते नाही म्हणाले. मी पोरांना हाताशी धरून मागच्या कोपऱ्यात खड्डा खणला. एकदा केलं आणि कोणी विचारलं नाही, म्हणून परत केलं. नंतर तर सवयच झाली. वर गवत लावलं मीच.”

“किती पिंपं?” मावशीने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं काम होतं.

“मोजली नाहीत. असलं कोणी मोजत नाही.”

“आबा, तुमचा मुलगा ही जागा घेत होता तेव्हा...” काकू म्हणाल्या.

“नको घेऊ म्हणायला हवं होतं. पण का नको, तेही सांगावं लागलं असतं. याच्या नावाची किती शान! लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, तुमचा मुलगा जमिनी धुऊन काढतो. त्यातली एक मी नासवलेली होती हे कोणत्या तोंडाने बोलू? म्हटलं, इतक्या वर्षांत मुरून गेलं असेल. मग नकाशात ती बालवाडी आली. तेव्हा तर दातखीळच बसली. ती फ्रिजमधली माती घेतली, फाटकामागच्या मोडक्या टाकीत ओतली. पोरं तिथे झोपणार हे तेव्हाही माहीत होतं मला. तरी ओतली.”

नकाशेकाकांनी चष्मा काढून उगाच पुसला. माझ्या ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’चा आवाज अजून खोलीत कुठेतरी लोंबकळत होता, आणि मला तो पकडून तोंडात परत कोंबावासा वाटत होता.

“म्हणजे एवढंच ना?” काकूंनी विचारलं. “आणखी कोणाला माहीत नव्हतं?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. शोधणारी मी होते ना.

आणि तेव्हा मला गाडीवाला आठवला. एकेक बरणी उलटी करून, कानाशी धरून. ती परीक्षा बाबांनी मलाही शिकवली होती: काठोकाठ भरलेली बरणी उलटी केली तर मुकी राहते, रिकामी जागा असेल तर आतली माती धपकन खाली येते. बाबांचा कान या कामात मुरलेला. त्यांना ऐकू आलं नसेल असं होणंच शक्य नाही.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे बघत होते.

“एवढंच,” मी म्हणाले. गेल्या वर्षीचा आवाज निघाला.

६

बाबा उठले.

“चिमणे, गाडीवाल्याला फोन केला होतास ना?”

मी मान डोलावली.

“काय म्हणाला तो?”

“काही नाही, बाबा.”

“त्याने सांगितलं असणार, मी बरण्या वाजवून पाहिल्या. हिला कळलंय,” ते बाकीच्यांना म्हणाले. “मुद्दाम सोडतेय. पहिली उलटी केली तेव्हाच माती धपकन पडली. वाटलं, चुकून झालं असेल. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच, आणि सगळ्या सारख्या. आबांचा हात मी ओळखणार नाही? लहानपणापासून त्यांच्या हातचा पाऊण पेला दूध प्यायलोय. कळलं, आणि सही केली.”

“तुम्ही?” मावशी म्हणाली. एवढा वेळ तिचा आवाज जागेवर होता, आता हलला. “बॅटऱ्यांच्या शेडपासून मी तुमच्याबरोबर आहे. माझं नाव आहे त्यावर.”

“फरशीखाली जाड पडदा अंथरीन, वास वर येऊ देणार नाही, असं मनाशी ठरवलं होतं. खाली किती आहे, किती खोल आहे, पिंपं फुटलीत की धड आहेत, काही माहीत नसताना. दुसऱ्या कोणा विकासकाने हे केलं असतं, तर मी त्याला चोर म्हटलं असतं.” त्यांनी टेबलाची कड धरली. “आबांनी पुरलं. मी झाकलं. आणि आत्ता माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीने गिळलं. आमच्या घरात हे कोणाला शिकवावंही लागत नाही.”

काकूंनी पर्स उचलली. दाराशी गेल्या, थांबल्या. “लेकीला मी आज फोन करून सांगणार होते, घर पक्कं म्हणून,” असं म्हणून त्या निघून गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

“आबा,” मावशी म्हणाली, “चला. खड्डा कुठून कुठपर्यंत आहे ते मला पायाने आखून दाखवा. अजून उजेड आहे.”

आबा उठताना डगमगले. बाबांनी हात पुढे केला. आबांनी तो धरला नाही, आणि मग दाराशी पोचल्यावर धरला. टाचेने रेघ ओढत ते कोपऱ्यातून फिरले. वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लांब फिरले, अगदी पलीकडच्या गल्लीच्या भिंतीपर्यंत. मावशी मागोमाग खुंट्या ठोकत होती. मी तिला एकेक खुंटी देत होते. कोणी माझी पाठ थोपटली नाही, आणि थोपटली असती तर मी रडले असते.

७

नंतर खणायला सुरुवात झाली. घरांची नोंदणी थांबली, काकूंनी भागीदारी सोडली, आणि पेपरात बाबांचा फोटो आला. लाँड्रीवाल्यांच्या घरचेच डाग, असं काहीतरी खाली लिहिलं होतं. सरकारी चौकशी लागली. बाबांनी मावशीच्या नव्या रिपोर्टला जोडून स्वतःचा जबाब दिला, आणि आबांनी त्यांचा. पलीकडच्या गल्लीत पाण्याचे टँकर बाबांनी सुरू केले.

पहिलं पिंप वर आलं त्या दिवशी आम्ही तिघं पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे होतो. गोडसर वास सगळीकडे पसरला होता. आबांनी घरी बसायला साफ नकार दिला होता. गल्लीतली माणसं घोळक्याने बघायला आली होती. त्यांतली एक बाई, कडेवर लहान मूल, नाकाला रुमाल, माझ्याजवळ येऊन थांबली.

“कोणी पुरलं गं हे?”

आबांचे ओठ हलले. बाबांनी घसा खाकरला.

“आमच्या घरच्यांनी,” मी म्हणाले.

“काय? नीट बोल ना, त्या यंत्रापुढे काही ऐकू येत नाही.”

मी छातीत श्वास भरला. “आमच्या घरच्यांनी!”

नेमकं तेव्हाच खणणारं यंत्र थांबलं. माझा आवाज कुंपणापलीकडे गेला, घोळक्यावरून गेला. सगळ्या माना वळल्या. आबांनी मान खाली घातली नाही, बाबांनीही नाही. मला घालायची होती, पण त्या दोघांमध्ये उभी होते.

बाईने मला वरून खालपर्यंत पाहिलं. मी शिवीची वाट बघत होते.

“मग इतक्या जवळ उभी राहू नकोस, पोरी,” ती म्हणाली. “डोकं दुखेल.” आणि हातातला रुमाल मुलाच्या नाकावर धरून ती गल्लीत परत गेली.